पोटदुखीवर सेकंड शिफ्ट

आमच्या हॉस्पिटलच्या केसपेपरांवर विश्वास ठेवायचा तर नाशिक शहरात बायकांना कोणी मारत नाही. त्या फक्त पडतात. बाथरूममध्ये पडतात, मोरीत पाय घसरून पडतात, जिन्यावरून पडतात. बैठ्या घरात राहणाऱ्या बायकाही जिन्यावरून पडतात. एक बाई तर पंखा लागला म्हणून आली होती, आणि चौकशी केली तेव्हा पंखा छताला होता.

मला याद्या करायची सवय आहे. किराणाची, प्रवासातल्या बॅगेची, दिवाळीच्या फराळाची, कोणाकडून कोणती बरणी परत यायची आहे त्याची. नोकरीला लागले त्या वर्षी मी 'मारलं' या शब्दाऐवजी लोक काय काय म्हणतात त्याची यादी सुरू केली. 'थोडं बोलणं झालं.' 'ते जरा तापट आहेत.' 'हात लागला.' 'भांड्याला भांडं लागतंच.' सासूबाई असल्या तर 'तसा स्वभावाने देव आहे हो, पण...' आणि पुढे पदराला हात. यादी लांबत गेली, मी ती बंद केली. त्याच वेळी लक्षात आलं की मुलांचं तिच्यात काहीच नाही. कारण मुलं पडत नाहीत. मुलांचं पोट दुखतं.

मी एका धर्मादाय हॉस्पिटलात समाजसेविका होते. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासरी शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. आमच्या मोठ्या जाऊबाई पाहुण्यांना 'ती दवाखान्यात बसते' एवढंच सांगत. सोपं करून सांगते. डॉक्टर आजार बघतात, सिस्टर पेशंट बघते आणि दोघांनाही जे बघायला वेळ नसतो ते माझ्या टेबलावर येतं. पेशंट सोडून पळालेले नातेवाईक, बिलात सवलत मागणारे खरे गरीब आणि बिलात सवलत मागणारे सोन्याच्या अंगठीवाले. मुलांच्या वॉर्डात तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या आणि दुखणं मात्र जात नाही असं झालं की बालरोगाचे डॉक्टर केसपेपरवर लिहायचे, 'मॅडमना दाखवा.' जणू मी एक एक्स-रे मशीन.

आता मुलांचा ताण हा विषय फॅशनमध्ये आला आहे. दोन हजार सालानंतर आमच्या एका विश्वस्तांनाही त्याचा शोध लागला. त्यांचा नातू दहावीला होता. त्यांनी 'दहावीचा ताण, वेळीच जाण' असा फलक करून घेतला आणि शिबिर ठेवलं. प्रश्नावली मोफत, रक्तातल्या ताणाची तपासणी सवलतीत. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडच्या पालकांची रांग लागली. प्रश्नावलीत अभ्यास, क्लास, झोप, टीव्ही असं सगळं होतं. 'घरात भांडणं होतात का' हा प्रश्न मी घातला होता, तो विश्वस्तांनी छपाईआधी काढला. म्हणाले, "मॅडम, चांगल्या घरातले लोक येणार आहेत."

चांगल्या घरातले एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्यासमोर बसले. शर्ट इस्त्रीचा, खिशात दोन पेनं. मी मुलाला विचारलं, "रात्री झोप लागते का रे?"

मुलगा वडिलांकडे बघायला लागला.

"सांग ना," वडील म्हणाले. "मॅडम विचारतायत, ताण आहे का."

मुलगा गप्प.

गृहस्थांनी त्याच्या कानाखाली अशी सणसणीत ठेवून दिली की बाहेरची रांग वाकून आत बघायला लागली. "बघितलंत? हा असा. बोलतच नाही. म्हणूनच आणलंय." मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "रक्तात किती असला म्हणजे नॉर्मल धरतात? नॉर्मल आला तर आणखी एक क्लास लावायचा विचार आहे."

त्या मुलाचा रिपोर्ट नॉर्मल आला. गृहस्थ पेढे द्यायला आले होते.

या तपासणीत मोजतात ते कॉर्टिसॉल. आमच्या बालरोगाच्या डॉक्टरांची समजावून सांगायची पद्धत फार चांगली. ते सांगायचे, दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यातून हे सुटतं. सकाळी जास्त असतं, त्याच्यावर आपण उठतो. संध्याकाळकडे उतरत जातं. शिवाय तो सातपूरच्या कारखान्यातल्यासारखा धोक्याचा भोंगा आहे. कुत्रं मागे लागलं की वाजतो, अंगात पळायची ताकद येते. कुत्रं गेलं की थांबतो. "पण मॅडम, कुत्रं घरातच राहत असलं तर? काही पोरांचा भोंगा मग थांबतच नाही. भूक जाते, झोप जाते, पोट आवळतं. आणि काहींचा इतक्यांदा वाजतो की तो वाजायचाच बंद होतो. ती पोरं हट्ट करत नाहीत, खेळत नाहीत, रडत नाहीत. आपण म्हणतो, किती शहाणं बाळ!" लहान मुलांना डिप्रेशन येतं असं त्यांनी एकदा मीटिंगमध्ये सांगितलं, तेव्हा आमचे विश्वस्त हसले होते. "त्यांना कसलं डिप्रेशन डॉक्टर? ना हप्ते, ना बायको."

भोंग्याचं हे सगळं डॉक्टरांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते शिबिराच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, वैशालीच्या वेळी. नावं मी बदलली आहेत. माणसं बदलणं तेव्हाही माझ्या हातात नव्हतं.

वैशाली नऊ वर्षांची. सिडकोतलं घर, एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील रमेश सातपूरला एका कारखान्यात टर्नर. आई शोभा दिंडोरीकडच्या खेड्यातली. वैशालीला पोटदुखीसाठी वारंवार भरती करावं लागत होतं. कळ आली की मुलगी पांढरीफटक पडायची, गुडघे पोटाशी घेऊन ओरडायची. सोनोग्राफी स्वच्छ. रक्त, लघवी, शौच सगळं स्वच्छ. जंताचं औषध दोनदा झालं होतं. आईने वणीच्या गडावर नवस बोलला होता, शेजारणीने मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या. भरती झाली की मात्र दुसऱ्या दिवशी पोरगी कॉटवर बसून खिचडी मागायची.

मुलांच्या वॉर्डात पेशंटजवळ आईने राहायचं असा नियम आहे. शोभा राहायची. धाकटा दीपू पाच वर्षांचा, त्याला ठेवणार कुठे, म्हणून तो कॉटखाली चटईवर. सोबत एकच माणूस, हाही नियमच. पण दीपू इतका शांत होता की सिस्टरांना तो दिसत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. दिसला की त्याचं कौतुक. "याच्याकडून शिका जरा," असं सांगून बाकीच्या पोरांना गप्प केलं जायचं. बालदिनाला वॉर्डात फुगे वाटले. शांत मुलगा म्हणून दीपूला सगळ्यात मोठा. बाकीच्यांचे संध्याकाळपर्यंत फुटले. दीपूने त्याचा मांडीवर धरून ठेवला, हवा जाऊन सुरकुतेपर्यंत. फुटला असता तर आवाज झाला असता ना.

रमेश भेटायला यायचा तो भांग पाडून, हातात द्राक्षांची पिशवी घेऊन. अदबशीर माणूस. मी घरचं वातावरण विचारलं तेव्हा त्याला राग आला नाही, उलट तो समजुतीने हसला.

"मॅडम, नवराबायकोत होतं ते होतं, कोणाच्या घरी नाही? पण पोरांना मी आजवर बोटही लावलेलं नाही. देवाशप्पथ. पोरांसमोर तर कधीच नाही. तसं काही व्हायचं असलं की मी आधी त्यांना आतल्या खोलीत पाठवतो."

हे त्याने अभिमानाने सांगितलं. आतली खोली म्हणजे स्वयंपाकघर. मध्ये दार नव्हतं, पडदा होता.

तेवढ्यात आमच्या सर्जन साहेबांना वैशालीच्या पोटाबद्दल उत्सुकता उत्पन्न झाली. सर्जन साहेब हाताने फार चांगले. पण भांडारात जागा रिकामी दिसली की काहीतरी आणून भरावं, तसं ऑपरेशनच्या यादीत जागा दिसली की त्यांना चैन पडत नसे. त्या काळात कारण न सापडलेल्या पोटदुखीचं नाव अपेंडिक्स असायचं. आमच्या डॉक्टरांनी सबुरी धरायला सांगितली आणि खात्री करून घ्यावी म्हणून कॉर्टिसॉलसाठी रक्त घेतलं. ते तेव्हा बर्फात घालून मुंबईला पाठवावं लागे. रिपोर्ट नॉर्मल आला. सर्जन साहेबांनी तो हवेत नाचवला.

"झालं? ताण नाही. ताण नाही म्हणजे काय आहे? अपेंडिक्स आहे."

"साहेब, रक्त वॉर्डात घेतलंय," डॉक्टर म्हणाले. "इथे तिला कसला ताण? मोजायचा तर सिडकोत जाऊन मोजा. संध्याकाळी, बापाची स्कूटर कोपऱ्यावर वळली की."

"मी सर्जन आहे. मी स्कूटरची वाट बघत बसत नसतो," म्हणून त्यांनी शुक्रवारचं ऑपरेशन लावून टाकलं. रमेशने संमतीपत्रावर सही केली. शोभाने 'डॉक्टर सांगतील ते' म्हटलं.

आदल्या दिवशी दुपारी मी वैशालीकडे गेले. ऑपरेशनआधी मुलांची भीती घालवायची, हे माझ्या कामात मोडतं. माझ्याकडे त्यासाठी एक कापडाची बाहुली होती, तिच्या पोटाला चेन लावलेली. शोभा कपडे धुवायला गेली होती. दीपू कॉटखाली. मी बाहुली काढली आणि ठरलेलं बोलायला लागले: गुंगीचं औषध, झोप, उठल्यावर बर्फाचा तुकडा. मुलीने ऐकून घेतलं, बाहुलीची चेन एकदा लावून उघडून बघितली.

"मॅडम, ऑपरेशन झालं तर आई किती दिवस राहते?"

"कुठे राहते?"

"इथे. नुसत्या पोटदुखीला लवकर सोडतात. पलीकडच्या कॉटवरच्या मुलाचं ऑपरेशन झालं ना, त्याची आई अजून आहे."

मी बाहुली खाली ठेवली. "किती दिवस राहायला हवी तुला?"

"पप्पांची फर्स्ट शिफ्ट संपेपर्यंत." तिने मला धड्याचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. "फर्स्टला पप्पा संध्याकाळी घरी असतात. आधी मित्रांबरोबर बसतात, मग येतात. नाईटला दिवसभर झोपतात, तेव्हा आवाज नाही करायचा. भांडं पडलं तर आईला..." तिने दीपूकडे वाकून बघितलं. "सेकंड चांगली असते. सुटते तेव्हा बार बंद होऊन जातो. पप्पा येतात, जेवतात, झोपतात. सेकंडला माझं पोट दुखत नाही."

"हे तू कोणाला सांगितलंस का?"

"सगळ्यांना. सिस्टर म्हणाल्या, बापाची ड्यूटी पाठ आहे, किती गोड मुलगी."

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. माझा पहिला प्रश्न व्यवहाराचा होता: पोरगी नाटक करते का? डॉक्टरांनी चष्मा काढला. "दुखणं शंभर टक्के खरं आहे मॅडम. जीव घाबरला की पोट आवळतं. तिला कळलंय एवढंच, की आपलं पोट दुखलं की तिघांनाही सुट्टी मिळते. उद्या ऑपरेशन केलं तर सुट्टी थोडी जास्त मिळेल. पुढच्या फर्स्टला ती काय काढून द्यायला तयार होईल?"

ते सर्जन साहेबांकडे गेले. दोघांचं जे बोलणं झालं ते कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू आलं. शेवटी साहेब दार आपटून बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुम्ही दोघांनी मिळून एक चांगलं अपेंडिक्स घालवलंत." पण शुक्रवारच्या यादीतून नाव गेलं.

आता प्रश्न उरला, सोडायचं कुठे? शोभाला मी खोलीत बसवलं, चहा मागवला, एकेक पर्याय समोर ठेवला. पोलीस. माहेर. बायकांचं वसतिगृह. ती पदराच्या टोकाला पीळ घालत ऐकत होती.

"पोलीस त्याला नेतील, मॅडम. रातभर ठेवतील, सोडतील. मंग तो हाय, मी हाय अन् दार हाय. माहेरी भाऊ म्हणतो, दोन दिस राहा, तिसऱ्या दिशी मीच पोचवतो. वसतिगृहात दीपूला घेतील?"

"सहा वर्षांपर्यंत घेतात."

"मंग सातव्याला?"

घरगुती हिंसाचाराचा कायदा यायला तेव्हा पुष्कळ अवकाश होता, आणि आल्यावरही तो कागदावरून सिडकोत पोचायला आणखी वेळ लागला.

"मला थोडका येळ मिळवून द्या," शोभा म्हणाली. "संध्याकाळचा येळ. हात चालतात माझे. पण रोज संध्याकाळी जीवच टांगलेला असतो, त्यात काय सुचणार? मी काही तरी उभं करते. तवर फर्स्ट नको."

बाईने औषधाचं नावच सांगितलं होतं. मी डॉक्टरांकडून सर्टिफिकेट घेतलं: 'मुलीच्या पोटदुखीवरील उपचाराचा भाग म्हणून वडिलांना कायम सेकंड शिफ्ट द्यावी.' असं सर्टिफिकेट त्यांनी आधी कधी दिलं नव्हतं. सही करून ते म्हणाले, "डोस तेवढा लिहायचा राहिला. रोज एक, जेवणाआधी."

कारखान्यातले कामगार कल्याण अधिकारी सज्जन होते. काचेच्या टेबलाखाली सगळ्या देवांचे फोटो. त्यांनी सर्टिफिकेट वाचलं, उलटं करून मागे बघितलं, परत वाचलं.

"मॅडम, मुलगी आजारी आहे. म्हणजे बाप संध्याकाळी घरी पाहिजे ना?"

"नको आहे."

"नको?"

"नको. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलंय."

"नाही, सेकंड सुटावी म्हणून लोक सर्टिफिकेटं आणतात. कोणाला मधुमेह, कोणाची म्हातारी. सेकंड मिळावी म्हणून..." ते थांबले. मग त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते माझ्याकडे न बघता देवांच्या फोटोंकडे बघायला लागले. "घरगुती मामला दिसतोय. आम्ही घरगुती मामल्यात पडत नाही."

"म्हणूनच तर वैद्यकीय करून आणलाय."

ते हसले. सेकंडला कायमचा माणूस मिळतोय म्हटल्यावर कारखान्याची हरकत असण्याचं कारण नव्हतं. ज्याची सेकंड सुटली त्याने तर त्यांचे पाय धरले असते. त्या माणसाच्या घरी संध्याकाळी काय होतं, हे मात्र मी विचारलं नाही.

राहिला रमेश. मी त्याला सांगितलं, पोट उघडायचं नसेल तर डॉक्टरांचा हा एकच इलाज आहे. मुलीला संध्याकाळी शांतता लागते. तो विचारात पडला. "म्हणजे पोरीसाठी मला त्याग करायचाय?" मी म्हटलं, तसं समजा. हा शब्द त्याला फार आवडला. पुढच्या महिन्यात सबंध कॉलनीला माहीत झालं होतं की रमेशभाऊंनी पोरीच्या तब्येतीसाठी कायमची सेकंड घेतली. गणपतीत मंडळाने 'आदर्श पालक' म्हणून त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मलाही आमंत्रण होतं. शोभा बायकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. माझी नजर पडली तशी तिने टाळ्यांचा जोर वाढवला, आणि मला खोकल्याचं निमित्त करून उठावं लागलं.

इलाज लागू पडला. वैशालीची पोटदुखी गेली. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मात्र कळ नेमाने यायची. हेही लिहिलंच पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी फारच पराक्रम केला. बाप सुट्टीच्या दिवशी घरी असायचा आणि शोभा सुट्टीच्या दिवशी 'पडायची'. सेकंड शिफ्टने माणूस सुधारत नाही, फक्त घरातली संध्याकाळ मोकळी होते. शोभाने ती वापरली. तो दुपारी कामाला निघाला की ती कणीक भिजवायची. अंबडच्या कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना संध्याकाळचे डबे. वैशाली भाजी चिरायची, दीपू झाकणं लावायचा. रमेशला डब्यांचं माहीत होतं. किती आहेत ते माहीत नव्हतं.

साधारण वर्षाने शोभा दीपूला घेऊन ओपीडीत आली, वैतागून.

"डॉक्टर, याला कायतरी द्या. लय वात्रट झालाय. शेजारच्या पोराला ढकललं, बाईंना उलट बोलला. काल तर शाळेला नवा डबा पाहिजे म्हणून लोळण घेतली भर रस्त्यात."

"ओरडला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळी गल्ली गोळा झाली!"

डॉक्टर खुर्चीतून उठले, दीपूशी हात मिळवला आणि ड्रॉवरमधलं चॉकलेट त्याला दिलं. शोभा तोंडाकडे बघत राहिली. दीपूचा बंद पडलेला भोंगा पुन्हा सुरू झाला होता, हे तिला सांगायला मला अर्धा तास लागला. पण तो घराबाहेरच वाजत होता. बाप समोर असला की दीपूच्या तोंडून शब्द निघत नसे. "पप्पा म्हणतात, कसा गुणी पोरगा हाय," ती म्हणाली.

अशी काही वर्षं गेली. मग कारखान्यांवर ती संक्रांत आली जी नाशिककरांना सांगायला नको. कोणाला स्वेच्छानिवृत्ती, कोणाला ले-ऑफ, कोणाच्या गेटला सरळ कुलूप. रमेशच्या कारखान्याचं कुलूप मी बसमधून बघितलं. लोक काय म्हणत होते, तर बिचाऱ्या कामगारांचं कसं होणार. खरंच होतं ते. मला मात्र दुसरं सुचलं: आता ना फर्स्ट, ना सेकंड, ना नाईट. आता सगळा वेळ घरी.

दोन दिवसांनी वैशाली माझ्या टेबलासमोर उभी होती. अकरावीत होती, उंची आईच्या वर गेलेली. सवयीने माझा हात केसपेपरकडे गेला.

"पोट का?"

"नाही मॅडम. भरती नाही व्हायचं. आईने खोली घेतलीय अंबडला, डब्याच्या पोरांनीच बघून दिली. आज सामान काढायचंय. तुम्ही नुसत्या उभ्या राहाल का?"

माझ्या कामाच्या वर्णनात 'उभं राहणे' कुठेही नव्हतं. मी डॉक्टरांना निरोप ठेवला, चपला घातल्या आणि निघाले.

रमेश पलंगावर बनियनवर बसला होता, समोर क्रिकेट लावलेलं. माणूस थकला होता, हे मी नाकारत नाही. भिंतीवर सत्काराचा फोटो, शालीसकट. शोभाने शेगडी उचलली. वैशालीने परात, पोळपाट आणि डब्यांची चळत घेतली. बाहेर रिक्षा उभी होती. रमेशने एकेका वस्तूबरोबर मान फिरवली आणि शेवटी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुम्ही साक्षीदार आहात. पोरीसाठी मी कायम सेकंड केली. पोरांना मी कधी बोट लावलं नाही. विचारा. समोर विचारा. त्यांच्यासमोर कधी काही केलं नाही, आतल्या खोलीत पाठवायचो."

मी बोलायला तोंड उघडलं, तोच दाराशी दप्तर घेऊन उभा असलेला दीपू म्हणाला,

"आतल्या खोलीत ऐकू यायचं, पप्पा."

बारा वर्षांचा होता. आवाज फुटायला आलेला, त्यामुळे वाक्य अर्धं जाड, अर्धं बारीक निघालं. रमेशने त्याच्याकडे असं बघितलं, जणू घरात एवढी वर्षं ठेवलेलं कपाट बोललं. मग तो क्रिकेटकडे वळला. अडवायला उठला नाही. त्याला तरी काय वाटलं, ते मला कळलेलं नाही, आणि टीव्हीचा आवाज कमी करायला त्याने रिमोटही उचलला नाही.

रिक्षात शेगडी माझ्या पायांवर, पोळपाट वैशालीच्या मांडीवर. दीपू पुढे ड्रायव्हरशेजारी टेकून बसला होता आणि सिडको सुटल्यापासून त्याचं तोंड थांबत नव्हतं. नव्या खोलीला खिडकी आहे, खिडकीतून रेल्वे नाही पण ट्रक दिसतात, शेजारच्यांची कुत्री व्यायली आहे, गणिताच्या सरांना टक्कल आहे, तो आता कबड्डीत जाणार आहे, आणि मॅडम तुमच्या पायांना लागत नाही ना? रिक्षावाला एका खड्ड्यातून गाडी काढत वैतागला.

"अरे बाबा, जरा गप्प बस ना. किती बोलतो हा पोरगा!"

शोभाने मागून हात पुढे करून रिक्षावाल्याच्या खांद्याला लावला.

"बोलू द्या भाऊ," ती म्हणाली.